जिंकणारे किती ? द्यूतांतील लाभाच्या वांटणीचा अजमास



भोर आणि वेल्हें या दोन तालुक्यांच्या डोंगरांत बेहड्याचीं झाडें पुष्कळ आहेत. (वेल्हें तालुक्यास आतां राजगड तालुका असें नांव मिळालें आहे, परंतु माझ्या पिढीच्या तोंडीं वेल्हें हेंच बसलेलें आहे.) त्रिफळा चूर्णांतील एक फळ म्हणून बेहडा घरोघरच्या स्त्रियांस ठाऊक असतो. पण आपल्या देशांतील सर्वांत जुना जुगार याच फळांनीं खेळला जात असे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत नसते. संस्कृतांत यास विभीतक म्हणतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळांत जुगाऱ्याचें जें प्रसिद्ध सूक्त आहे, त्यांतील फांसे म्हणजे याच झाडाचीं फळें होत. मूठभर फळें उचलावयाचीं, चारचारांच्या गटांनीं मोजावयाचीं आणि शेवटीं उरतील त्यांवरून दान ठरवावयाचें, असा तो खेळ असावा असें अनेक विद्वान मानतात. कृत, त्रेता, द्वापर, कलि हीं युगांचीं नांवें मूळ या दानांचींच.

आजचा माझा विषय जुगार चांगला कीं वाईट हा नाहीं. त्यावर व्याख्यानें पुष्कळ झालीं आहेत व तीं ऐकून कोणी उठून गेल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं. मला विचार करावयाचा आहे तो हिशेबाचा. अनेक माणसें पैसे लावून खेळतात तेव्हां जिंकलेला पैसा त्यांच्यांत कसा वांटला जातो, जिंकणारे किती व हरणारे किती, आणि बैठकींत न बसतां, दुरून, याचा अजमास कसा बांधावयाचा ?

हा प्रश्न मला आमच्या खोऱ्यांतच विचारण्यांत आला. पुण्याच्या मंडळींनीं या बाजूच्या जमिनी घेण्यास आरंभ केल्यापासून अनेक घरांत रोकड आली, आणि त्याच सुमारास घरोघर मोबाईल आला. माझा एक जुना विद्यार्थी एके दिवशीं येऊन म्हणाला, "गुरुजी, मुलगा फोनवर पोकर खेळतो. म्हणतो, दहांतले तीन-चार तर जिंकतातच. हें खरें असेल काय ?" मीं त्याला लगेच उत्तर दिलें नाहीं, कारण मुलाचें म्हणणें दिसतें तितकें खोटें नाहीं, आणि खरेंही नाहीं. तें कसें, हें समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे.

महाभारताच्या वनपर्वांत नलराजाची कथा आहे. द्यूतांत राज्य गमावून नल बाहुक नांवानें अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथि होऊन राहिला. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून ऋतुपर्ण विदर्भाकडे, म्हणजे आपल्याच महाराष्ट्राच्या पूर्वभागाकडे, निघाला. वाटेंत एक झाड लागलें. तें झाड कोणतें ? तर हाच आमचा बेहडा. ऋतुपर्णानें रथांतूनच त्याकडे पाहून सांगितलें कीं, खालीं पडलेलीं पानें व फळें हीं झाडावरच्यांहून एकशें एकांनीं अधिक आहेत. झाडाच्या दोन शाखांवर पांच कोटि पानें आणि दोन हजार पंचाण्णव फळें आहेत. नलाचा विश्वास बसेना. विदर्भास पोंचण्यास उशीर होत असतांही त्यानें रथ थांबविला, झाड तोडलें आणि फळें मोजलीं. आंकडा बरोबर निघाला ! मग त्यानें राजास अश्वविद्या देऊन त्याच्यापासून अक्षविद्या घेतली. त्याबरोबर कलि त्याच्या देहांतून निघून त्याच बेहड्यांत शिरला, आणि पुढें नलानें पुष्कराबरोबर पुन्हां खेळून राज्य परत मिळविलें.

या कथेकडे आम्ही लहानपणीं चमत्कार म्हणून पाहत असूं. परंतु इयान हॅकिंग नांवाच्या तत्त्वज्ञानें १९७५ सालीं संभाव्यतेच्या इतिहासावर जो ग्रंथ लिहिला, त्यांत त्यानें या प्रसंगाकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. झाडाचा थोडा भाग पाहून सबंध झाडाचा आंकडा सांगणें आणि फांशांचें मर्म जाणणें, या दोन विद्या एकच आहेत असें महाभारतकार धरून चालतो. युरोपांत पास्कल आणि फर्मा यांनीं अर्धवट राहिलेल्या डावाची रक्कम न्यायानें कशी वांटावी याचा पत्रव्यवहार केला तो १६५४ सालीं. मला या कथेंत ऋतुपर्णाइतकाच नलही मोठा वाटतो. अंदाज ऐकला, पण मोजल्यावांचून मानला नाहीं.

आतां स्मृतिकारांकडे वळूं. मनूनें राजाला द्यूत राज्यांतून हद्दपार करावयास सांगितलें आहे. कौटिल्य अधिक व्यवहारी. त्यानें द्यूतासाठीं एक अध्यक्ष नेमला, खेळ एकाच जागीं व्हावा असें ठरविलें, अन्यत्र खेळणारास बारा पण दंड सांगितला, आणि जिंकलेल्या रकमेंतून शेंकडा पांच सरकारजमा करावयास लावले. शिवाय फांशांचें भाडें, पाण्याचें व जागेचें मोल निराळें. याज्ञवल्क्यस्मृतींतही हाच दर आहे : डाव शंभराचा वा त्याहून मोठा असेल तर जुगारगृह चालविणाऱ्या सभिकानें शेंकडा पांच घ्यावे, लहान असेल तर शेंकडा दहा, आणि राजानें संरक्षण दिल्याबद्दल त्यानें ठरलेला भाग राजास द्यावा. याच स्मृतीवर विज्ञानेश्वरानें कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयानें मिताक्षरा लिहिली. लहान खेळणारावर दर अधिक, हें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें.

मराठींत या सभिकाच्या वांट्यास 'नाल' म्हणतात. पत्त्यांच्या अड्ड्यावर डावागणिक नाल काढली जाते, व मुंबईच्या न्यायालयांतील जुगाराच्या खटल्यांतून हा शब्द इंग्रजी निकालपत्रांतही जाऊन बसला आहे. ऑनलाइन पोकर चालविणाऱ्या कंपन्या डावांतील रकमेचा जो अंश कापून घेत, तोही साधारण शेंकडा पांचाच्या आसपासच असे, आणि त्यावर एक कमाल मर्यादा असल्यामुळें मोठ्या डावावर प्रत्यक्ष दर कमी व लहान डावावर अधिक पडे. दोन हजार वर्षांत फांसे गेले, पत्ते आले, पत्तेही जाऊन कांचेवरचीं चित्रें आलीं; दर मात्र तेथेंच !

पोकरमध्यें खेळाडू कंपनीविरुद्ध खेळत नाहींत, एकमेकांविरुद्ध खेळतात. आपल्या तीन पत्तीचा तो दूरचा भाऊ, एकोणिसाव्या शतकांत मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींतून पसरलेला. एकाचें जिंकणें तें दुसऱ्याचें हरणें. म्हणून सर्वांच्या लाभहानीची बेरीज शून्य यावी. पण मध्यें नाल असल्यामुळें ती बेरीज नेहमीं शून्याच्या खालीं येते.

येथें थोडें गणित करूं. पाटी-पेन्सिल नसली तरी चालेल.

असें समजा कीं सर्व खेळाडू सारख्याच बुद्धीचे आहेत आणि दोघे दोघे एकेक रुपया लावून खेळतात. डाव दोन रुपयांचा. जिंकणाराच्या हातीं दोन रुपये येतात, पण त्यांतून शेंकडा पांचाप्रमाणें दहा पैसे नाल जाते. म्हणजे जिंकलें तर नव्वद पैसे लाभ, हरलें तर एक रुपया हानि. असे शंभर डाव प्रत्येकानें खेळले. शंभरांत पन्नास जिंकले तर पांच रुपये खड्ड्यांत. नफ्यांत राहण्यास त्रेपन्न डाव जिंकले पाहिजेत. नाणेफेकीच्या नियमानें पाहतां शंभर खेळाडूंपैकीं सुमारें एकतीस जणांना हें साधतें. माझ्या विद्यार्थ्याच्या मुलाचे 'दहांतले तीन' ते हेच ! मुलगा खोटें बोलत नव्हता.

परंतु खेळ शंभर डावांवर थांबत नाहीं. प्रत्येकानें हजार डाव खेळले तर नफ्यांत राहण्यास पांचशें सत्तावीस डाव जिंकावे लागतात, आणि असे लोक शंभरांत पांचच निघतात. दहा हजार डाव झाले म्हणजे पांच हजार दोनशें चौसष्ट जिंकले पाहिजेत. केवळ दैवाच्या बळावर असा मनुष्य शंभरांत नव्हे, लाखांतही मिळणें कठीण. खेळ तोच, माणसें तींच, दर तोच. फक्त डाव वाढले आणि एकतिसांचे पांच झाले, पांचांचा शून्य झाला. यास्तव "किती जण जिंकतात" या प्रश्नास "किती डावांनंतर" हें शेंपूट लावल्यावांचून उत्तर नाहीं. फोनवर ताशीं साठ-सत्तर डाव सहज होतात, व पट्टीचे खेळाडू एकाच वेळीं चार-चार पट मांडून बसत. पूर्वी अड्ड्यावर वर्षभरांत जितके डाव व्हावयाचे, तितके येथें थोड्या दिवसांत उरकत.

याच्याशीं मटक्याची तुलना करून पाहावी. मुंबईंत न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांच्या आंकड्यांवर पैसे लावण्याची चाल होती. ते आंकडे बंद झाल्यावर १९६० नंतरच्या दशकांत कल्याणजी भगत व रतन खत्री यांनीं चिठ्ठ्या-पत्त्यांवर तो धंदा पुढें चालविला. दहांतील एका आंकड्यास नऊपट देणें हा तेथला सामान्य भाव. त्यांत खेळणाराचें कसब कांहींच नाहीं, म्हणून एकाही खेळाडूस न पाहतां आपण सांगूं शकतों कीं रुपयांतील सुमारें दहा पैसे चालकाकडे जाणार. पोकरचें तसें नाहीं. तेथें कोणी सराईत, कोणी नवखा. माझ्या हिशेबांतील 'सर्व सारख्या बुद्धीचे' हें गृहीत तेथें टिकत नाहीं.

मग खरी वांटणी कशी असते ? कसबाचा वांटा किती, हें शिकागो विद्यापीठाचे स्टीव्हन लेव्हिट आणि टॉमस माइल्स यांनीं २०१० सालच्या जागतिक पोकर स्पर्धेच्या आंकड्यांवरून तपासलें. स्पर्धेपूर्वींच ज्यांची गणना निष्णातांत झाली होती, त्यांना प्रवेशशुल्कावर सरासरीनें चांगला नफा झाला. उरलेल्या मोठ्या समुदायाला सरासरीनें तोटा. म्हणजे कसब आहे. पण कसबाचा अर्थ आपल्याकडे नीट घेतला जात नाहीं. कसब आहे म्हणजे हरणाराला आशा आहे असें लोक समजतात. वस्तुतः कसब असेल तर नवख्याची स्थिति माझ्या नाणेफेकीच्या हिशेबाहूनही वाईट होते, कारण तो नाल तर देतोच, शिवाय निष्णातालाही देतो. दैवाच्या खेळांत सर्वांचा खड्डा सारखा. कसबाच्या खेळांत वरच्या मूठभरांचा डोंगर खालच्या शेंकडों खड्ड्यांच्या मातीनें होतो.

हाम्बुर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनीं एका मोठ्या पोकर-संस्थळावरील वीस लाखांहून अधिक खेळाडू-नांवांची सहा महिन्यांची नोंद तपासली. तींत मधल्या खेळाडूनें सहा महिन्यांत अवघे कांहीं तास खेळून थोडे डॉलर नाल भरली होती. उलट, एकंदर नालेचा फार मोठा भाग अगदीं थोड्या, सतत खेळणाऱ्या लोकांकडून आला होता. 'मधला' आणि 'सरासरी' यांत महदंतर आहे, हें शाळेंत शिकविणें मला नेहमीं अवघड गेलें. दहा मुलांपैकीं नऊ जणांच्या खिशांत एकेक रुपया आणि दहाव्याच्या खिशांत एक्याण्णव रुपये असले, तर सरासरी दहा रुपये. पण दहा रुपयेवाला मुलगा वर्गांत एकही नाहीं.

हीच चूक मोठ्या आंकड्यांतही होते. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें ऑनलाइन पैशाचे खेळ बंद करणारा कायदा केला, त्या वेळीं सरकारकडून असा अंदाज सांगण्यांत आला कीं सुमारें ४५ कोटि लोक वर्षाला जवळजवळ २०,००० कोटि रुपये या खेळांत गमावतात. भागाकार केला तर माणशीं ४४४ रुपये येतात. सिनेमाच्या दोन तिकिटांचे पैसे ! एवढ्यासाठीं कायदा कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु हे ४४४ रुपये कोणीच गमावलेले नसतात. पुष्कळांनीं दहा-वीस रुपये गमावलेले असतात आणि थोड्यांनीं शेत. कायद्याचें समर्थन करावयाचें असो वा खंडन, या सरासरीच्या आधारानें तें होणार नाहीं.

अजमास करणारापुढें दुसरी अडचण आहे ती दिसण्याची. अमेरिकेंतील ख्रिस मनीमेकर नांवाच्या हिशेबनीसानें (आडनांव खरेंच तें आहे) २००३ सालीं थोड्या डॉलरांच्या ऑनलाइन स्पर्धेंतून जागतिक स्पर्धेंत प्रवेश मिळवून पंचवीस लाख डॉलर जिंकले. पहिला पैशाचा ऑनलाइन पोकरचा डाव १९९८ सालीं झालेला होता. पण या एका विजयानें तो खेळ जगभर गेला. आमच्याकडे तोरण्याची डागडुजी करतांना शिवाजीमहाराजांस मोहरांनीं भरलेले हंडे सांपडले व त्यांतून राजगडाचें बांधकाम झालें, अशी बखरींतली गोष्ट प्रत्येक पोराला पाठ असते. पुढें त्याच आशेनें ज्यांनीं गडागडांवर खणलें आणि ज्यांस दगडांखेरीज कांहीं लाभलें नाहीं, त्यांची बखर कोण लिहिणार ? हरलेला मनुष्य खेळ सोडून जातो, नांव बदलून पुन्हां येतो, किंवा गप्प बसतो. एखाद्या दिवशीं पटावर बसलेल्यांची मोजदाद केली तर टिकलेलेच मोजले जातात. ऋतुपर्णानें झाडावरच्या फळांबरोबर खालीं पडलेलींही मोजलीं होतीं, आणि पडलेलीं अधिक भरलीं होतीं. येथें बरोबर उलटें केलें जातें.

कायद्यानें या प्रश्नाकडे वेगळ्याच अंगानें पाहिलें. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यानें निव्वळ कसबाच्या खेळांस मोकळीक ठेविली होती. ८ मार्च १९४८ रोजीं भोर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. त्यानंतर १९५७ सालीं चमारबागवाला यांच्या शब्दकोड्यांच्या बक्षीसस्पर्धेच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें जुगार हा व्यापारच नव्हे असें ठरविलें; मात्र ज्यांत कसबाचा भाग मोठा, त्या स्पर्धा निराळ्या मानल्या. १९६७ सालीं रमी ही मुख्यतः कसबाची ठरली. पुढें अर्धशतक वकिलांचा सारा वाद कसब कीं दैव एवढ्याच मुद्द्यावर चालला. या वादांत नालेचा प्रश्न हरवला, असें मला वाटतें. नफ्यांत राहण्यास शंभरांत त्रेपन्न डाव जिंकावे लागतात, हें कसबाच्या खेळांतही तितकेंच खरें. ऑक्टोबर २०२३ पासून भरणा केलेल्या सबंध रकमेवर शेंकडा २८ कर लागला, तेव्हां राजाचा भाग सभिकाच्या भागाहून कितीतरी मोठा झाला. त्यानंतर नफ्यांत राहणारे किती उरले असतील, याचा हिशेब श्रोत्यांनींच करून पाहावा. २०२५ च्या कायद्यानें कसब आणि दैव हा भेद ऑनलाइन पैशाच्या खेळांपुरता काढूनच टाकला.

माझ्या विद्यार्थ्यास मीं शेवटीं एवढेंच सांगितलें कीं, दहांतले किती हें बाजूला ठेव. सबंध झाड आपल्याला मोजतां येणार नाहीं, पण एक डहाळी तुझ्या घरांत आहे. मुलाच्या बँकखात्याचा उतारा घे आणि त्याच्याशेजारीं बसून दोन रकाने कर. दिवाळीच्या सुटींत त्या दोघांनीं तें केलें. सव्वा वर्षाचा उतारा होता. पैसे काढल्याच्या नोंदी अकरा निघाल्या, आणि त्यांतील सर्वांत मोठी, अठरा हजारांची, घरांत सर्वांस ठाऊक होती. तिच्यावर पेढे वांटले गेले होते. पैसे भरल्याच्या नोंदी एकशें छत्तीस निघाल्या. पांचशें, दोनशें, पुन्हां पांचशें, रात्रीं दीड वाजतां एक हजार. त्यांची बेरीज त्यापूर्वीं कोणीच केलेली नव्हती, मुलानेंही नाहीं. ती त्यानें स्वतः केली, दोनदां केली, आणि वहींतलें तें पान बापाच्या हातीं न देतां घडी करून आपल्याच खिशांत ठेवलें.